शोभिवंत माशांच्या टाकीतील गोगलगायी व गाळणयंत्र : हानी टाळण्याचे उपाय

शोभिवंत मत्स्यपालन हा थोड्या जागेत, मोजक्या पाण्यात व घरच्याच मनुष्यबळावर चालविता येण्याजोगा जोडधंदा आहे. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय लोकांसाठी खुले झाले. तेव्हापासून पुष्कळ वर्षे रंगीत मासे पाळणे हा शहरातील हौशी मंडळींचा छंद समजला जात असे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालन केंद्रांना अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली आणि हा धंदा खेड्यांतील बचत गटांच्या व अल्पभूधारकांच्या विचारात येऊ लागला.

अशा केंद्रांतील टाक्यांमध्ये माशांबरोबर पाण्यातील गोगलगायीही ठेवल्या जातात. काचेवर व दगडांवर चढणारे शेवाळ, माशांनी न खाल्लेले खाद्य आणि पाणवनस्पतींची कुजकी पाने खाऊन त्या टाकी स्वच्छ राखण्यास मदत करतात. रंगीत कवचाच्या जातींना बाजारात मागणी असल्याने त्यांची विक्रीही होते. तथापि, पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी बसविलेले गाळणयंत्रच या मंदगती प्राण्याच्या नाशास कारण ठरते, असे पुष्कळदा घडते. नुकसान तेवढ्यावरच थांबत नाही. यंत्रात अडकून मेलेली एक मोठी गोगलगाय तेथेच कुजली, तर तिच्यापासून निघणारी विषारी द्रव्ये सर्व टाकीत फिरतात आणि विक्रीस तयार झालेले मासे एका रात्रीत दगावू शकतात. म्हणून गोगलगायींचे संरक्षण हा टाकीतील सर्वच जीवांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, असे समजून त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

टाकीत आढळणाऱ्या गोगलगायी

संरक्षणाची योजना ठरविण्यापूर्वी आपल्या टाकीत कोणत्या जातीची गोगलगाय आहे हे पाहावे. बाजारात सामान्यतः पुढील प्रकार मिळतात.

(१) सफरचंदी गोगलगाय. हिला दुकानदार मिस्ट्री स्नेल किंवा अॅपल स्नेल म्हणतात. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील असून पूर्ण वाढल्यावर सुमारे ४ ते ५ सेंटीमीटर आकाराची होते. हिच्या शरीरात कल्ला व फुप्फुससदृश पिशवी अशी श्वसनाची दोन्ही साधने असतात. लांब मांसल नळी पृष्ठभागावर काढून ती हवा घेते. अंडी मात्र पाण्याच्या पातळीवर, काचेच्या कोरड्या भागावर पुंजक्याने घालते. पिल्ले बाहेर पडून पाण्यात उतरतात तेव्हा ती अवघी २ ते ३ मिलिमीटर असतात. आपल्याकडील भातखाचरांत व तळ्यांत आढळणारी पायला नावाची मोठी गोगलगाय याच कुळातील आहे.

(२) मेंढ्याच्या शिंगासारखे चपटे, वेटोळे कवच असलेली गोगलगाय. ही लहान असून फार वेगाने वाढते. हिची नुकती जन्मलेली पिल्ले इतकी बारीक असतात की ती डोळ्यांस सहज दिसत नाहीत.

(३) निमुळत्या, लांबट कवचाची गोगलगाय. ही दिवसा वाळूत पुरून राहते व रात्री बाहेर येते. ही अंडी न घालता जिवंत पिल्लांनाच जन्म देते आणि नराशिवायही हिची प्रजा वाढू शकते.

(४) पट्टेदार नेराइट. शेवाळ खाण्यात ही सर्वांत तरबेज आहे. ही गोड्या पाण्यात अंडी घालते, परंतु त्यांतून निघणाऱ्या डिंभकांना खारे वा मचूळ पाणी लागत असल्याने गोड्या पाण्याच्या टाकीत हिची संख्या वाढत नाही.

पहिल्या प्रकारात मोठ्या गोगलगायीची लांब स्पर्शके व श्वसननळी यांना धोका असतो. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारात पिल्ले यंत्राच्या आत जाण्याचा धोका अधिक असतो. नेराइटच्या बाबतीत भिंतीवर चढत जाऊन टाकीबाहेर पडण्याची भीती असते. जातीनुसार दक्षता निराळी ठेवावी लागते ती यामुळेच.

गाळणयंत्र बंद का ठेवता येत नाही

गोगलगायी अडकतात म्हणून यंत्र रात्री बंद ठेवण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. ही प्रथा हानिकारक आहे. गाळणयंत्राचे कार्य केवळ पाण्यातील कचरा अडविण्याचे नसते. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. तो माशांस व गोगलगायींस विषारी असतो, आणि पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी असेल तितका त्याचा विषारीपणा वाढतो. यंत्रातील स्पंजावर व खड्यांवर सूक्ष्म जिवाणूंचा थर वाढतो. त्यांतील काही जिवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही नायट्राइटचे रूपांतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये करतात. शेतातील जमिनीत नत्रखतावर जी क्रिया होते, तीच येथे पाण्यात होते.

या जिवाणूंना प्राणवायूयुक्त पाण्याचा सतत पुरवठा हवा असतो. बंद डब्याच्या यंत्रात प्रवाह काही तास थांबला की आतील प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात आणि कुजण्यास सुरुवात होते. यास्तव यंत्र अहोरात्र चालू ठेवणे व त्याची शोषनळी गोगलगायींसाठी सुरक्षित करणे, हाच योग्य मार्ग होय.

अपाय कसा होतो

यंत्रापासून गोगलगायीस होणारा अपाय मुख्यत्वे चार प्रकारचा असतो.

पहिला प्रकार ओढीचा. शोषनळीच्या फटींवरून गोगलगाय सरपटत असता तिची स्पर्शके, श्वसननळी किंवा पायाची कड आत खेचली जाते. निरोगी, मोठी गोगलगाय आपल्या रुंद पायाच्या पकडीने बहुधा स्वतःची सुटका करून घेते. अशक्त, आजारी किंवा लहान गोगलगाय मात्र तेथेच चिकटून राहते.

दुसरा प्रकार पिल्ले आत शिरण्याचा. फटींतून गेलेले पिल्लू इंपेलरपर्यंत, म्हणजे पाणी फेकणाऱ्या फिरत्या चाकापर्यंत, पोहोचले की त्याचे कवच फुटते. कवचाचा तुकडा चाकात अडकला तर यंत्रातून खडखड असा आवाज येतो, पाण्याचा प्रवाह मंदावतो आणि शेवटी चाक थांबते. चाक थांबूनही वीज चालू राहिल्यास मोटार तापून जळण्याचा संभव असतो.

तिसरा प्रकार चढून जाण्याचा. टाकीच्या काठावर टांगलेल्या यंत्रात, पाणी जेथून परत पडते त्या ओठावरून गोगलगायी वर चढतात व पेटीत उतरतात. तेथे त्यांना खाद्य मिळते, त्या वाढतात, अंडी घालतात आणि हळूहळू पाण्याची वाट बुजवितात.

चौथा प्रकार मानवी हलगर्जीपणाचा. स्पंज धुताना त्यात दडलेल्या गोगलगायी घाण पाण्याबरोबर फेकल्या जातात, अथवा पेटी कोरडी ठेवल्याने आतल्या आत सुकून मरतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शोषनळीवर मेलेली गोगलगाय आढळली म्हणजे ती नळीनेच मारली, असे नेहमीच नसते. आधीच मेलेली वा मरणोन्मुख गोगलगाय प्रवाहाबरोबर वाहत जाऊन जाळीला लागते. म्हणून एकापाठोपाठ एक अशा गोगलगायी नळीवर सापडू लागल्या, तर जाळी तपासावीच, पण पाण्याचा दोष, उपासमार किंवा औषधाचा परिणाम आहे काय, याचीही चौकशी करावी.

ओढीचे गणित

शेतकरी विहिरीवरील पंपाच्या फूटव्हॉल्व्हला जाळीचा डबा बसवितात. तो डबा नळापेक्षा पुष्कळ मोठा असतो व त्यास भरपूर भोके असतात. पाणी अनेक भोकांतून विभागून आत येते, म्हणून प्रत्येक भोकाशी ओढ थोडी राहते. याच डब्यावर कोणी फडके घट्ट गुंडाळले, तर पंपास पाणी अपुरे पडते आणि फडक्यावर कचरा चिकटून बसतो. टाकीतील यंत्रासही हाच नियम लागू आहे.

उदाहरणार्थ, एखादे यंत्र तासाला ६०० लिटर पाणी फिरविते असे धरू. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १६७ घन सेंटीमीटर पाणी आत जाते. शोषनळीच्या सर्व फटींचे मिळून क्षेत्रफळ ५ चौरस सेंटीमीटर असेल, तर फटींतून पाणी सेकंदाला सुमारे ३३ सेंटीमीटर वेगाने आत शिरेल. आता त्या नळीवर ५ सेंटीमीटर व्यासाचा व १० सेंटीमीटर लांबीचा स्पंजाचा दंडगोल बसविला, तर त्याचा गोल पृष्ठभाग सुमारे १५७ चौरस सेंटीमीटर भरतो. तेवढेच पाणी आता या मोठ्या पृष्ठभागातून येत असल्याने पृष्ठभागाजवळील वेग सेकंदाला सुमारे १ सेंटीमीटर इतकाच राहतो. अशा स्पंजावरून गोगलगाय निर्धास्तपणे फिरते, इतकेच नव्हे तर त्यावर साचलेले अन्नकणही खाते.

याउलट, ५ चौरस सेंटीमीटरच्या त्याच फटींवर जाळी घट्ट लपेटली आणि जाळीच्या धाग्यांनी निम्मी जागा व्यापली, तर उरलेल्या जागेतून वेग दुप्पट होतो. पिल्ले आत जात नाहीत हे खरे, परंतु ती जाळीवरच चिरडून चिकटतात. तात्पर्य, आवरण नळीला चिकटलेले नसावे. ते नळीभोवती ऐसपैस असावे, व त्याचा पृष्ठभाग जितका मोठा तितका चांगला.

ओढ अजमावण्याची एक सोपी रीत आहे. एका काडीला ५ सेंटीमीटर लांबीचा सुती दोरा बांधून तो भिजवावा व शोषनळीच्या जवळ धरावा. दोरा खेचला जाऊन फटीत शिरत असेल, तर गोगलगायीची स्पर्शकेही तशीच शिरतील. आवरण बसविल्यानंतर दोरा जवळजवळ सरळ लोंबत राहिला पाहिजे.

आवरण कसे तयार करावे

स्पंजाचे आवरण सर्वांत उत्तम. मत्स्यालयाच्या दुकानांत मोठ्या छिद्रांचे तयार स्पंज मिळतात. फार बारीक छिद्रांचा स्पंज लवकर तुंबतो, म्हणून तो घेऊ नये. भांडी घासण्याच्या स्पंजात जंतुनाशक, रंग वा सुगंधी द्रव्य असण्याचा संभव असल्याने तोही वापरू नये. नळी बसविण्यासाठी स्पंजाच्या मध्यभागी भोक पाडावे, मात्र ते आरपार नसावे. लांबीच्या तीन चतुर्थांशापर्यंतच न्यावे. आवरण नळीवर घट्ट बसते की नाही व वरच्या कडेशी फट राहत नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. पिल्ले अशाच फटीतून आत जातात.

स्पंज न मिळाल्यास जाळीचा पिंजरा करावा. प्लास्टिकची छोटी जाळीदार टोपली किंवा डबी घेऊन तिच्यावर नायलॉनच्या मच्छरदाणीचे कापड ताणून बसवावे आणि शोषनळी या पिंजऱ्याच्या मधोमध राहील अशी योजना करावी. मोठ्या गोगलगायींसाठी हा उपाय पुरेसा आहे. शिंगाकृती गोगलगायींची बारीक पिल्ले मात्र या जाळीतून जाऊ शकतात. जेथे पैदास करावयाची असेल तेथे स्पंजच वापरावा.

जाळी धातूची हवी असल्यास केवळ स्टेनलेस पोलादाची घ्यावी. तांब्याची, पितळेची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरू नये, कारण तांबे व जस्त गोगलगायींस विषारी आहेत.

प्रवाह कमी करावयाचा झाल्यास तो पाणी बाहेर पडण्याच्या बाजूने कमी करावा. शोषणाच्या बाजूची वाट आवळल्यास यंत्र पाण्यावाचून फिरते व बिघडते. विहिरीवरील पंपाचा अनुभव असलेल्या शेतकऱ्यांस हे निराळे सांगावयास नको.

यंत्राच्या प्रकारानुसार दक्षता

हवेवर चालणारा स्पंज फिल्टर. यात हवेच्या पंपाने सोडलेले बुडबुडे नळीतून वर चढताना आपल्याबरोबर पाणी वर नेतात व ते पाणी स्पंजातून खेचले जाते. यात फिरते चाक नाही व ओढही सौम्य असते. गोगलगायींसाठी, त्यांच्या व माशांच्या पिल्लांसाठी हा सर्वांत निर्धोक व स्वस्त प्रकार होय. एकाच हवेच्या पंपावर अनेक टाक्या चालू शकतात. पंप टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, अथवा हवेच्या नळीत एकदिशा झडप बसवावी. तसे न केल्यास वीज गेल्यावर टाकीतील पाणी नळीतून उलट येऊन पंपात शिरते.

पाण्यात बुडणारे पॉवर फिल्टर. याच्या पोटातच चाक असते व फटी रुंद असतात. स्पंजाचे आवरण बसविल्याशिवाय हे गोगलगायींच्या टाकीत चालवू नये.

काठावर टांगण्याचे यंत्र. शोषनळीवर स्पंज बसवावाच, शिवाय पेटीचे झाकण नेहमी लावलेले असावे. आठवड्यातून एकदा पेटी उघडून चढून आलेल्या गोगलगायी हाताने टाकीत परत सोडाव्यात.

बंद डब्याचे यंत्र. हे टाकीखाली ठेवलेले असते व महिनोन् महिने उघडले जात नाही. आत गेलेली पिल्ले तेथेच वाढून मरतात आणि त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून या यंत्रात आवरणाची गरज इतरांपेक्षा अधिक.

ओसंडून वाहणाऱ्या पाण्याची योजना. मोठ्या केंद्रांत सर्व टाक्यांचे पाणी एका खालच्या टाकीत जमवून गाळले जाते. येथे पाणी बाहेर जाण्याच्या मार्गावर जाळी लावावी लागते. परंतु गोगलगायींनी किंवा पाल्याने ती जाळी बुजल्यास टाकी काठावरून वाहू लागते. यास्तव प्रत्येक टाकीस थोड्या वरच्या पातळीवर दुसरा, संकटकालीन मार्ग ठेवावा.

हिवाळ्यात पाणी ऊबदार ठेवण्यासाठी हीटर वापरल्यास त्याभोवतीही जाळीदार आवरण हवे, कारण तापलेल्या काचेवर गोगलगाय चिकटली तर ती भाजते. पाणी उपसण्यापूर्वी निदान १५ ते २० मिनिटे हीटर बंद करावा. अन्यथा उघडा पडून तो तडकतो.

सफरचंदी गोगलगाय हवा घेण्यासाठी व अंडी घालण्यासाठी वर येते. म्हणून झाकण व पाणी यांत सुमारे ५ सेंटीमीटर अंतर मोकळे ठेवावे, आणि नळ्या व तारा जेथून बाहेर येतात त्या फटी स्पंजाच्या तुकड्याने बंद कराव्यात. या वाटेने बाहेर पडलेली गोगलगाय सापडते ती बहुधा जमिनीवर वाळलेलीच.

साफसफाईचा क्रम

साफसफाई करताना विजेचा अपघात होणार नाही याची खबरदारी प्रथम घ्यावी. कोरड्या हातांनी बटण बंद करून प्लग काढावा व मगच पाण्यात हात घालावा. तार प्लगकडे जाताना मध्ये खाली झोका घेईल अशी ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता खाली गळते. केंद्रात गळती झाल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच बसवून घेणे श्रेयस्कर. त्यानंतरचा क्रम येणेप्रमाणे ठेवावा.

(१) टाकीतीलच पाणी एका बादलीत काढावे. स्पंज त्यात अलगद दाबून धुवावा. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुतल्यास उपयुक्त जिवाणू मरतात.

(२) स्पंज दाबण्यापूर्वी त्याच्या सर्व बाजू व भोक तपासून गोगलगायी वेचाव्यात.

(३) बादलीतील घाण पाणी पांढऱ्या, उथळ थाळीत थोडे थोडे ओतून पाहावे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर बारीक पिल्लेही दिसतात.

(४) चाकाची खोबण उघडून कवचाचे तुकडे काढावेत.

(५) यंत्रातील सर्व गाळणद्रव्ये एकाच दिवशी धुऊ नयेत. एका आठवड्यात निम्मी व पुढील आठवड्यात उरलेली धुवावीत, म्हणजे जिवाणूंचा साठा कायम राहतो.

(६) यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी आवरण जागेवर आहे याची खात्री करावी.

शोषनळीवरील स्पंज साधारणतः आठवड्यातून एकदा धुवावा. परत येणाऱ्या पाण्याची धार बारीक झालेली दिसली, तर आठवड्याची वाट पाहू नये.

गोगलगाय अडकल्यास

अडकलेली गोगलगाय दिसताच तिला ओढू नये. तिचे शरीर कवचास आतून एका स्नायूने जोडलेले असते. कवच धरून हिसका दिल्यास तो स्नायू फाटतो व गोगलगाय पुढे मरते. प्रथम यंत्र बंद करावे. ओढ थांबल्यावर ती पुष्कळदा स्वतःच सुटते. न सुटल्यास तिला बाजूला सरकवत हलकेच काढावे. नंतर टाकीतील पाणी भरलेल्या स्वतंत्र भांड्यात एक दिवस ठेवावे.

गोगलगाय आत मिटून बसली किंवा तरंगू लागली म्हणजे ती मेलीच असे नाही. कवचात हवा अडकल्यानेही ती तरंगते. परंतु कवचाचे झाकण सैल लोंबत असेल, शरीर बाहेर गळत असेल व उग्र दुर्गंधी येत असेल, तर ती मेली असे समजून तत्काळ टाकीबाहेर काढावी. त्याच दिवशी टाकीतील एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदलावे, एक दिवस खाद्य देऊ नये आणि शक्य असल्यास चाचणी संचाने अमोनिया तपासावा.

वीज खंडित झाल्यावर

ग्रामीण भागात वीज काही तास जाणे नवीन नाही. बंद डब्याचे यंत्र अशा वेळी दीर्घकाळ थांबले, तर वीज येताच त्यातील कुजलेले पाणी टाकीत येते. म्हणून ज्या गावी वीज वरचेवर जाते, तेथे असे यंत्र प्लग काढून ठेवावे. वीज आल्यावर ते उघडून आतील पाणी फेकावे, द्रव्ये टाकीच्या पाण्यात विसळावीत व मगच यंत्र सुरू करावे. पाणी फेकताना गोगलगायी तपासण्यास विसरू नये. स्पंज फिल्टर उघड्या पाण्यात असल्याने त्यास ही अडचण कमी जाणवते. बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंप जवळ असल्यास उत्तमच.

मोरचूद, औषधे व पाण्याचा गुण

शोषनळी कितीही सुरक्षित केली, तरी अशक्त गोगलगाय तिला बळी पडतेच. म्हणून ती सशक्त राखणे हाही संरक्षणाचाच भाग आहे. कवचासाठी तिला कॅल्शियम लागते. पाणी आम्लधर्मी असल्यास कवच झिजते, त्यावर पांढरे खड्डे पडतात. दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरींचे जड पाणी या दृष्टीने चांगले. कोकणात जांभ्या दगडाच्या प्रदेशातील पाणी बहुधा हलके असते. तेथे यंत्राच्या पेटीत स्वच्छ धुतलेले शिंपल्यांचे तुकडे ठेवल्यास ते हळूहळू विरघळून ही उणीव भरून काढतात.

मोरचूद गोगलगायींस अत्यंत मारक आहे. माशांच्या काही औषधांतही तांबे असते. असे औषध टाकीत घालण्याचा प्रसंग आल्यास गोगलगायी आधीच दुसऱ्या टाकीत हलवाव्यात, व औषधाच्या टाकीत वापरलेला स्पंज परत गोगलगायींच्या टाकीत वापरू नये. बोर्डो मिश्रण फवारल्यावर हात स्वच्छ धुतल्याशिवाय टाकीत घालू नयेत. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपे खाऊन मोठे नुकसान केले. त्या गोगलगायी जमिनीवरील असून टाकीतील जातींशी त्यांचा संबंध नाही. परंतु त्यांच्या बंदोबस्तासाठी आणलेल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाक्यांच्या खोलीत कदापि ठेवू नयेत.

टाकीतील गोगलगाय शिवारात जाऊ देऊ नये

गोगलगायींना यंत्रापासून जपावे, तद्वतच आपल्या शेतीला त्यांच्यापासून जपावे. सफरचंदी गोगलगायीची एक जवळची जात १९८० च्या सुमारास खाद्य म्हणून दक्षिण अमेरिकेतून पूर्व आशियात नेण्यात आली. तेथून ती पाटांत व खाचरांत पसरली आणि तैवान, फिलिपाइन्स, जपान आदी देशांत कोवळ्या भातरोपांची वैरीण ठरली. जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० आक्रमक जीवजातींच्या प्रसिद्ध यादीत तिचा समावेश आहे. बाजारात या दोन जातींची गल्लत होऊ शकते. चकाकत्या गडद गुलाबी अंड्यांचे पुंजके दिसल्यास ते नष्ट करावेत व मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांस कळवावे.

याउलट, गुरे पाणी पितात अशा डबक्यातून गोगलगायी वा पाणवनस्पती आणून टाकीत सोडू नयेत. आपल्याकडील डबक्यांत आढळणाऱ्या शिंगाकृती व लिम्निया जातीच्या गोगलगायी गुरांच्या रक्तातील व यकृतातील चपट्या कृमींच्या वाहक आहेत. गुरांच्या नाकात गाठी होऊन ती घोरू लागतात तो रोगही अशाच कृमींमुळे होतो.

टाकी धुतलेले पाणी ओढ्यात, पाटात किंवा भातखाचरात सोडू नये. ते कापडातून गाळून कोरड्या जागेवरील झाडांना घालावे. जादा झालेल्या गोगलगायी उकळत्या पाण्यात टाकून खतखड्ड्यात पुराव्यात. मुळात संख्या बेसुमार वाढली म्हणजे खाद्य जास्त पडते आहे असे समजावे आणि ते कमी करावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

वरील उपायांपैकी कोणताही उपाय खर्चिक नाही. स्पंजाचा एक तुकडा, जुन्या मच्छरदाणीचे थोडे कापड, एक पांढरी थाळी व आठवड्यातील अर्धा तास एवढ्यावर काम भागते. कार्यकर्त्यांनी केंद्रास भेट देताना प्रथम दोऱ्याची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. डोळ्यांनी पाहिलेली ओढ शंभर शब्दांपेक्षा लवकर पटते. त्यानंतर गटातील एका व्यक्तीकडे साफसफाईची वही सोपवावी. वहीत तारीख, मोठ्या गोगलगायींची मोजलेली संख्या, मेलेल्या गोगलगायी, यंत्राचा आवाज व धारेची स्थिती एवढ्याच नोंदी असाव्यात. संख्या घटू लागली की कारण शोधण्यास वेळीच सुरुवात होते.

टाकीतील मासे दुरूनही दिसतात व त्यांची काळजी सहज घेतली जाते. गोगलगाय मात्र कोपऱ्यात, स्पंजामागे, नळीखाली असते. ती आहे की नाही याची चौकशी नेमाने करण्याची सवय ज्या घरी लागली, तेथे यंत्रही नीट चालते, पाणीही निर्मळ राहते आणि माशांचे अकस्मात होणारे मरणही टळते.